शाही कुणाचा?

पाटीचा मजकूर जेमतेम सहा ओळींचा होता, पण गाडी पहिल्याच शब्दाला अडली. ‘शाही हमाम, चौल’ असं भाचीनं वर ठळक लिहिलं होतं. मामानं कागद हातभर लांब धरून वाचला, पुन्हा वाचला आणि सुपारीच्या टोपलीशेजारी ठेवून दिला.

“शाही कुठनं आला ह्यात? कोण शहा इथं येऊन न्हाला होता, सांग बघू.”

“मामा, तो नुसता मथळा आहे.”

“मथळाच वाचतात गं लोक. खालचं कोण वाचतंय?”

भाची मुंबईत जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. पुढच्या महिन्यात तिच्या ओळखीतली तीसेक माणसं चौल बघायला येणार होती आणि त्यांच्यासाठी ठिकठिकाणी छोट्या पाट्या ठेवायचं तिनं अंगावर घेतलं होतं. मामा चौलचा बागायतदार. नारळ-सुपारीची वाडी, त्यातली बरीच झाडं 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आडवी झाली, तेव्हापासून घरामागच्या दोन खोल्या तो पाहुण्यांना राहायला देतो. गावात पर्यटक आले तर पहिला फायदा त्याचा. तरी आपल्या गावाला राजेपणाचा मुलामा नको, हा हट्ट त्याचाच. आणि वर्षातून चार वेळा आजोळी येणारी भाची म्हणते, मुलामा लागला तर लागू दे, पण माणसं आत आली पाहिजेत. माणसं आली नाहीत तर भिंती राहणार नाहीत.

अलिबागहून निघालेली गाडी आक्षी, नागाव करत चौलला येते आणि बहुतेक वेळा न थांबता रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीद-मुरुडकडे निघून जाते. थांबलीच तर रामेश्वराच्या देवळापाशी किंवा दत्ताच्या डोंगराखाली. हमामखाना रस्त्याला लागून नाही, आत झाडीत आहे. अष्टागरातल्या या गावात एके काळी गरम पाण्याचं, घुमटाखालचं, वाफेनं भरलेलं स्नानगृह होतं, हे जवळच्या गावांतल्या लोकांनाही सांगावं लागतं. भाचीची तळमळ तिथूनच सुरू होते.

“तू म्हणतोस शहा कुठला,” ती म्हणाली. “निजामशहाचं राज्य होतं की नाही चौलवर? आणि निजामशाहीतल्या लोकांना आरामाच्या जागा बांधायचं वेडच होतं. नगरचा फराहबाग बघ. भोवती तळं, मधोमध अष्टकोनी महाल, पाणी खापरी नळांनी लांबून आणलेलं. पहिल्या बुऱ्हाण निजामशहानं सुरुवात केली आणि 1583 च्या सुमाराला मूर्तझा निजामशहाच्या वेळी तो पुरा झाला. हा मूर्तझा कोण? 1570-71 मध्ये आपल्या इथं वेढा घालून बसला होता तोच. म्हणजे शहा आला होता ना?”

“आला होता, पण तोफा घेऊन,” मामा म्हणाला. “रेवदंड्याचा कोट पोर्तुगिजांच्या हातून सोडवायला. महिनोन् महिने बसला आणि कोट न घेताच परत गेला. आणि त्याच मूर्तझाचं पुढं काय झालं, ते तू पाटीवर का नाही लिहिलंस?”

भाची गप्प राहिली, कारण तिला ते ठाऊक होतं. वेढ्यानंतरच्या काळात मूर्तझा राज्यकारभारातून हळूहळू अंग काढून घेत गेला. बागेतल्या महालात एकान्तात राहायचा. दरबाऱ्यांनाही त्याचं दर्शन दुर्मीळ झालं. लोक त्याला दिवाणा म्हणू लागले. 1588 मध्ये त्याचाच मुलगा मीरान हुसेन यानं त्याला हमामात कोंडलं, दारं-खिडक्या बंद केल्या, खाली जाळ लावला आणि गुदमरवून मारलं. हे लिहून ठेवणारा इतिहासकार फिरिश्ता त्या काळात मूर्तझाच्याच पदरी नोकरीला होता. विश्रांतीसाठी बांधलेल्या वास्तूची एवढी भयंकर गोष्ट आपल्याकडे क्वचितच सापडेल. अशा जागांच्या माहितीत कारंजी, बागा, जाळीच्या खिडक्या हमखास येतात आणि हे मात्र गाळलं जातं, ही मामाची तक्रार अगदी रास्त आहे.

भाचीनं मात्र हार मानली नाही. उलट ही गोष्ट तिनं आपल्याच बाजूला ओढून घेतली. राजाचं सुट्टीचं घर म्हणजे नुसती मौज नसते, म्हणूनच ते बघायला हवं, असं ती म्हणाली. ऑस्ट्रियात बाड इश्ल नावाचं खाऱ्या पाण्याच्या उपचारांचं गाव आहे. सम्राट फ्रान्झ योझेफ जवळजवळ प्रत्येक उन्हाळा तिथल्या आपल्या बंगल्यात काढायचा. शिकार करायचा, डोंगरात फिरायचा. 28 जुलै 1914 ला सर्बियाविरुद्धच्या युद्धाच्या घोषणेवर त्यानं सही केली ती ह्याच बंगल्यात. पहिलं महायुद्ध तिथून पेटलं. बंगला आजही त्याच्या वंशजांकडे आहे, आणि तिकीट काढून कुणालाही आत जाता येतं.

“लोक आत जातात, ते टेबल बघतात, आणि त्यांना कळतं,” ती म्हणाली. “तुझी गोष्ट सांगायलासुद्धा आधी दार उघडं लागतं, मामा.”

मामानं त्यावर काही न बोलता अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाला, “चल, जाऊन बघू. इथं बसून किती बोलायचं.”

दुपारचं ऊन झावळ्यांतून गळत होतं. वाडीतून जाताना पायाखाली सुपारीच्या वाळक्या विऱ्या कडकड मोडत होत्या. मामा वाटेत एकेका झाडाला हात लावत चालला होता. वादळानंतर लावलेली रोपं आता त्याच्या खांद्याच्या वर गेली आहेत. हमामाच्या आत शिरताना दोघांनीही मान खाली घातली. आत एकदम गारवा, ओल्या चुन्याचा आणि वटवाघळांचा वास. वर घुमटाला ठेवलेल्या झरोक्यातून उजेडाचा एक गोल खाली पडला होता, भाकरीएवढा. त्यात धूळ तरंगत होती. भाचीनं तळहात त्या उजेडात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

हमाम चालतो कसा, हे तिनं तिथेच उभ्याउभ्या सांगितलं, आणि ते सांगताना ती खऱ्या अर्थानं फुलली. बाहेरच्या अंगाला भट्टी. तिच्यावर पाण्याचं मोठं भांडं किंवा हौद. भट्टीतली धग आणि धूर सरळ वर सोडायचा नाही. जमिनीखालच्या पोकळीतून फिरवायचा, म्हणजे फरशी तापते. भिंतींच्या पोटातून खापरी नळ, गार पाण्याचा वेगळा आणि गरम पाण्याचा वेगळा. माणूस आधी कपडे उतरवायच्या खोलीत, मग कोमट खोलीत, मग गरम खोलीत, अशा पायऱ्यांनी जातो. उलट येताना तसाच हळूहळू गार होतो. भिंती जाड असतात त्या धग धरून ठेवायला. वरचा झरोका लहान असतो तो वाफ निसटू नये म्हणून. घुमट असतो तो थंड होऊन जमलेल्या पाण्याचे थेंब अंगावर टपकण्याऐवजी कडेनं ओघळावेत म्हणून.

“हे ज्यानं बांधलं त्याला पाणी कळत होतं,” ती म्हणाली. “शाही म्हणते ती ह्या हुशारीसाठी.”

“आणि ते भांडं भरलं कुणी?”

मामाचा प्रश्न साधा होता. पण तो ज्या माणसाकडून आला त्याच्या लहानपणी वाडीतल्या बावीवर रहाट होता. बैल गोल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पाणी पाटानं प्रत्येक आळ्यात जायचं. पहाटे रहाट धरणाऱ्या गड्याच्या हातांना पडलेले घट्टे मामाला अजून आठवतात. घरात न्हाणीच्या चुलीवर तांब्याचा हंडा. त्याखाली जळायला झावळ्या, पोयी, नारळाची सोडणं. दहा माणसांच्या आंघोळीला सोडणांचा केवढा ढीग लागतो, हे त्याला नजरेनं कळतं. त्यानं भट्टीच्या बाजूला बोट दाखवलं.

“एवढी फरशी तापवायची म्हणजे सोडणांवर भागणार नाही. लाकूड लागणार, तेही रोज. डोंगरातनं मोळ्या यायच्या. पाणी उपसणारा वेगळा, वाहणारा वेगळा, राख काढणारा वेगळा. तुझ्या सहा ओळींत त्यातला एक तरी माणूस आहे?”

नव्हता. भाचीनं कागद काढून पुन्हा पाहिला. कमान, घुमट, चुना, शैली, काळ, एवढंच होतं.

इथे मामाचं पारडं जड झालं, असं म्हणायला हरकत नाही. राजांच्या विश्रांतिस्थानांवरचं बहुतेक लिखाण वास्तूवर येऊन थांबतं. पाणी किती लांबून आलं हे त्यात असतं, ते कुणाच्या पाठीवरून आलं हे नसतं.

मामाचा दुसरा मुद्दा त्याहून मोठा होता. चौल हे राजाचं गाव कधी नव्हतंच, असं त्याचं म्हणणं. हे बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत त्याचं नाव ‘चेमुल’ येतं. ग्रीकांनी ‘सेमिल्ला’ लिहिलं, अरबांनी ‘सैमूर’. अल्-मसूदी हा अरब प्रवासी 916 च्या सुमाराला इथे आला तेव्हा राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि इथला कारभार शिलाहार झंझाकडे होता. त्यानं इथल्या मुसलमान वस्तीचा आकडा 10,000 दिला आहे. ओमान, बसरा, बगदाद इथून आलेली ही माणसं होती, काही इथेच जन्मलेली. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन उतरला तो चौललाच. महिनाभर गलबतावर खारं वारं खाऊन आलेल्या अशा माणसाला धक्क्यावर पाय ठेवल्यावर पहिलं काय हवं असेल?

“गोडं पाणी,” मामा म्हणाला. “आणि गरम असेल तर सोन्याहून पिवळं. हमाम ह्या लोकांसाठी. म्हणजे बंदराचा. त्यावर शहाचा शिक्का मारायचा तर मग आपल्या रामेश्वराच्या पुष्करणीवर पण मार.”

“शहरातले हमाम सगळ्यांसाठी असायचे, हे मला मान्य आहे,” भाची म्हणाली. “पण मामा, जागा वाचवायची तर लोकांच्या मनात चित्र उभं करावं लागतं. ‘शाही’ म्हटलं की उभं राहतं. ‘बंदराचा हमाम’ म्हटलं की...”

“माझ्या उभं राहतं.”

संध्याकाळी चहाला विषय मुरुडवर गेला. तो जाणारच होता. जंजिऱ्याच्या नवाबाचा राजवाडा हे या किनाऱ्यावरचं सगळ्यात ठसठशीत राजघर. अलिबागकडून मुरुडात शिरताना समुद्राच्या बाजूला, उंचावर त्याचे घुमट आणि कमानी दिसतात. सिद्दी अहमद खान यांच्या कारकिर्दीतली ही इमारत. आज ती खासगी मालकीची आहे आणि आत जाता येत नाही. लोक फाटकाबाहेरून फोटो काढतात आणि किल्ल्याच्या होडीची वेळ गाठायला पळतात.

भाचीच्या मते ही मोठीच हळहळ. तिचं आवडतं उदाहरण ब्रायटनचं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रस्नानानं आजार बरे होतात अशा समजानं हे गाव वाढलं आणि राजपुत्र जॉर्ज, पुढचा चौथा जॉर्ज, तिथे रमला. त्याचं सुट्टीचं घर वास्तुरचनाकार जॉन नॅश यानं 1815 ते 1822 या काळात हिंदुस्थानी घुमट-मिनारांनी सजवलं. त्याच गावात पाटण्याच्या शेख दीन महंमदानं वाफेचं स्नानगृह काढून गोऱ्या साहेबांना आपली चंपी शिकवली. ‘शॅम्पू’ शब्दामागे हीच चंपी आहे. राजानं त्याला आपल्या सेवेत नेमणूक दिली. पुढे व्हिक्टोरिया राणीला ते घर आवडेना, तेव्हा 1850 मध्ये गावानंच ते विकत घेतलं. आणि पहिल्या महायुद्धात, 1914 ते 1916, त्याच घुमटांखाली खाटा टाकून जखमी हिंदी सैनिकांचं इस्पितळ चाललं.

“राजाचं घर गावानं विकत घेतलं,” भाची ठासून म्हणाली. “शंभर वर्षांच्या आत तिथं साधा शिपाई झोपला. हे आपल्याकडे का होऊ नये?”

मामाला हे आवडलं. त्यानं तसं सांगितलंही. पण गावानं घेतलं, ह्या वाक्याशी तो थांबला. आपल्या बाजूला विकत घेणारा गाव नसतो, बाहेरचा असतो, असं त्याचं म्हणणं. 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली आणि अलिबाग तालुका मुंबईच्या आणखी जवळ आला. वाड्या विकल्या जातात; उंच कुंपणं उभी राहतात; आत निळ्या फरशीचे पोहण्याचे तलाव. मालक महिन्यातून दोन दिवस येतो. बाकीचे अठ्ठावीस दिवस माळी पंप लावून हिरवळ भिजवतो. मामाच्या शेजारच्या बावीचं पाणी उन्हाळ्यात आता मचूळ लागतं, मामाच्या बावीचं अजून नाही.

“हे आजचे फराहबाग,” तो म्हणाला. “ह्यांना तुझी ‘शाही’ पाटी फार आवडेल. उद्या कुणीतरी त्याच नावाचं रिसॉर्ट काढील, घुमटाची नक्कल करील, आणि खऱ्या हमामात वटवाघळं तशीच राहतील.”

भाचीला यावर लगेच उत्तर सुचलं नाही. ती ज्या क्षेत्रात काम करते तिथे नकलेनं अस्सलाचा जीव घेतल्याची उदाहरणं तिनं पाहिली आहेत. पण तिनं एक गोष्ट पुढे केली, आणि ती सहज बाजूला सारण्यासारखी नाही. मुरुडला पाणी पुरवणारं गारंबीचं धरण नवाबांच्या काळातलं. डोंगरातलं पाणी उतारानं गावात आणलेलं. राजवाडा बंद आहे, पण नवाबाच्या वेळचं पाणी लोकांच्या घरात येतं आहे. म्हणजे राजसत्ता म्हणजे नुसती लूट, असं एका फटक्यात म्हणता येणार नाही. वसईच्या मोहिमेच्या वेळी चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला. 1739 मध्ये वसई पडल्यावर गरम पाण्याच्या कुंडांच्या त्या परिसरात देवीचं देऊळ उभं राहिलं, त्यानं तिथली वाट रुळली. रत्नागिरीचा थिबा राजवाडा तर इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाला कैदेत ठेवायला बांधला. 1910 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत तो राजा तिथे राहिला. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे आणि कोकणातली शाळेची पोरं तिथे जाऊन एका परक्या देशाच्या दुःखाबद्दल शिकतात.

“शिकतात ना? कारण ते उघडं आहे,” ती म्हणाली. “आणि तिथं कुणी त्याला विश्रांतिगृह म्हणत नाही. कैद म्हणतात. खरं लिहूनही लोक येतात, हे तुझंच झालं की.”

मामा हसला. “मग तूच लिही ना खरं.”

पालीजवळच्या उन्हेऱ्याची आठवण त्यानं मग काढली. आईला संधिवात होता, तेव्हा तिला घेऊन तो तिथल्या गरम कुंडांवर जायचा. गंधकाचा वास, दगडी कठडा, बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं. शेजारी कातकरी बाई लेकराला न्हाऊ घालायची, त्या पलीकडे मुंबईचा कुणी शेटजी पाय सोडून बसलेला असायचा. पाणी जमिनीतूनच गरम येतं. भट्टी नाही, मोळी नाही, पाणक्या नाही. म्हणून तिथे राजवाडाही नाही, असा त्याचा हिशोब. तो किती बरोबर हे सांगणं अवघड आहे. युरोपात तर अशाच गरम झऱ्यांवर राजांनी रांगेनं घरं बांधली. पण आईच्या सुजलेल्या गुडघ्यांवर ओंजळीनं पाणी सोडणारा मामा भाचीला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. तिनं आजीचं नाव घेतलं, दोघं जरा वेळ काही बोलली नाहीत.

रात्री जेवणानंतर तिनं कागद पुन्हा पुढे घेतला. ‘शाही’वर रेघ मारली. ‘हमामखाना, चौल बंदर’ असं लिहिलं. मूर्तझाच्या वेढ्याची एक ओळ घातली, त्याच्या शेवटाची दुसरी. भट्टीची ओळ घातली. सहाच्या नऊ ओळी झाल्या. तीस माणसं पाटीपुढे उभी राहतील ती दोन मिनिटं, एवढं कोण वाचणार, म्हणून तिनं शैलीवरची एक ओळ काढून टाकली.

“पाणी वाहणाऱ्याला काय लिहू? भिस्ती?”

“पखालजी लिही. आमच्याकडे पखालजी म्हणायचे.”

तिनं लिहिलं. मग मामानं कागद हातात घेऊन पुन्हा लांब धरला आणि मोठ्यानं वाचायला लागला. चौथ्या ओळीपाशी तो अडखळला.

“‘भव्य’ कशाला घातलंस? आज आत मान खाली घालून गेलो की आपण.”